छोट्या पिस्तुलाची देखभाल: नव्याने घेतलेल्यांसाठी

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून, 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला वेगळा परवाना न काढताही पिस्तूल जवळ बाळगता येतं. तेव्हापासून आपल्या ओळखीपाळखीत, विशेषतः मोटेल, गॅस स्टेशन किंवा दारूचं दुकान चालवणाऱ्यांत, कमरेला लपून राहतील अशी छोटी पिस्तुलं बरीच दिसायला लागली. दुकानदार पेटी हातात देतो, पेटीत माहितीपुस्तिका असते आणि ती कोणी उघडत नाही. मग पहिल्या-दुसऱ्या सरावानंतर फोन येतात: "अडकतंय हो", "गोळी सुटतच नाही", "स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढवत नाही". त्यातल्या बहुतेकांचं पिस्तूल चांगलं असतं. बिघाड असतो तो मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या सुट्या डब्यात), काडतुसात, पकडीत नाहीतर कचऱ्यात. तो ओळखायचा कसा आणि स्वतःला इजा न करता पिस्तूल साफ कसं करायचं, ते इथे सांगतो.

आधी हे बघा: तुम्ही हात लावू शकता का?

हे कंटाळवाणं आहे, पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, पर्यटक व्हिसा अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांना रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) नेऊन "एक गोळी झाडून बघा" म्हणणं कितीही हौसेचं वाटलं तरी ते याच नियमात येतं, पिस्तूल भाड्याचं असलं तरी. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

राज्याराज्यात नियम बदलतात. टेक्सासमध्ये चालतं ते न्यू जर्सीत चालत नाही. तिथे पुढून पोकळ असलेली, म्हणजे हॉलो पॉइंट काडतुसं घराबाहेर जवळ बाळगण्यावरही निर्बंध आहेत. एडिसनमध्ये राहणाऱ्या मेव्हण्याकडे गाडीने निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम वाचून घ्या.

छोटं पिस्तूल जास्त का अडकतं

ग्लॉक 17 ची नळी साधारण साडेचार इंचांची. 2018 मध्ये आलेल्या सिग पी-365 ची जेमतेम 3.1 इंच, आणि 2008 मध्ये आलेल्या रुगर एलसीपीची पावणेतीन. एलसीपीचं रिकाम्या पिस्तुलाचं वजन पाव किलोच्या थोडंसंच वर जातं. वजन आणि लांबी कमी केली की यंत्राचं सगळं गणित आवळलं जातं.

गोळी सुटल्यावर स्लाईड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि पुढे येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीच्या मागच्या खोलगट भागात, म्हणजे चेंबरमध्ये, ढकलते. मोठ्या पिस्तुलात या येरझारेला वेळ आणि जागा असते. छोट्यात स्लाईड हलकी असते, म्हणून ती वेगाने मागे येते. तिला आवरायला स्प्रिंग कडक ठेवावी लागते. तेवढ्या अवधीत मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणून तयार ठेवायचं असतं. एवढ्या घाईत कुठेही थोडी ढिलाई झाली, हात सैल पडला, मॅगझिनमध्ये कापसाचे तंतू गेले किंवा काडतुसात दारू जरा कमी असली, की साखळी तुटते. मोठ्या पिस्तुलाने जे खपवून घेतलं असतं ते छोटं खपवून घेत नाही. म्हणून याची देखभाल जास्त वेळा करावी लागते. जास्त खोलवर जाऊन करावी लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

रिकामं करणं

लोकांना वाटतं धोका रेंजवर आहे. रेंजवर सगळे सावध असतात, शेजारी अधिकारी उभा असतो, नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे असते. घरी, जेवणाच्या टेबलावर, "रिकामंच आहे" या समजुतीत साफसफाईला बसणं त्याहून धोक्याचं.

जेफ कूपर या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने रूढ केलेले चार नियम कुठल्याही वर्गात पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवू नका. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ओळखून असा. साफसफाई करताना हे चारही नियम तसेच लागू राहतात. टेबलावर बसलात म्हणून त्यात सूट नाही.

क्रम असा ठेवा, आणि तो कधीही बदलू नका:

1. नळी सुरक्षित दिशेला. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खाली माणसं आहेत, म्हणून जमीन ही सुरक्षित दिशा नाही. लाकडी-जिप्समच्या भिंतीतून गोळी आरपार जाते. विटांची बाहेरची भिंत किंवा त्यासाठीच मिळणारी गोळी अडवणारी पेटी बरी.
2. बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, चौकटीवर (स्लाईडखालच्या, मुठीच्या भागावर) सरळ.
3. मॅगझिन आधी काढा. स्लाईड आधी ओढली आणि मॅगझिन आतच राहिलं, तर एक काडतूस बाहेर पडेल आणि दुसरं त्याच क्षणी चेंबरमध्ये जाईल. बाहेर पडलेलं बघून तुम्ही म्हणाल, झालं रिकामं.
4. आता स्लाईड जोरात मागे ओढा. चेंबरमधलं काडतूस बाहेर पडू द्या, ते झेलायच्या फंदात पडू नका.
5. स्लाईड मागेच अडकवा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. मॅगझिनच्या खाचेतूनही आत बघा.
6. काडतुसं आणि भरलेली मॅगझिनं दुसऱ्या खोलीत ठेवून या.

सहावी पायरी वेडगळ वाटते. तरी ती पाळाच. ज्या खोलीत पिस्तूल उघडलंय त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नाही, एवढं ठरवलं की निम्मे अपघात होतच नाहीत.

याचं खास कारण म्हणजे ग्लॉक आणि त्यासारखी काही पिस्तुलं सुटी करण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. रचनाच तशी आहे. चेंबरमध्ये काडतूस राहिलं असेल तर ते तिथेच सुटतं. फोन वाजला, मुलगी येऊन काही विचारून गेली, मध्ये पाणी प्यायला उठलात, तर परत आल्यावर पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. मघाशी बघितलेलं आता मोजायचं नाही.

स्लाईड ओढताच येत नाही ही तक्रार बायकांकडून आणि साठीपुढच्यांकडून नेहमी येते. त्यात ताकदीपेक्षा पद्धत महत्त्वाची असते. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी मात्र सरळ समोर. डाव्या हाताच्या पूर्ण मुठीने स्लाईडचा मागचा खडबडीत भाग वरून पकडा, चिमटीत नको. मग डावा हात मागे ओढण्याऐवजी तो जागेवर घट्ट ठेवा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. ढकलायला आपल्याकडे खांद्याचा जोर असतो, ओढायला फक्त बोटांचा. तरीही जमत नसेल तर पिस्तूल बदला. मऊ स्प्रिंगची वेगळी पिस्तुलं मिळतात.

रेंजवर अडकलं तर

पहिली गोष्ट: थांबा, बोट बाहेर काढा, नळी समोरच ठेवा. काय झालं ते बघायला पिस्तूल स्वतःकडे वळवणं ही नवख्यांची हमखास चूक, आणि रेंज अधिकारी याच गोष्टीवर सगळ्यात जोरात ओरडतो. सांगायला मागे वळायचं असेल तर फक्त मान वळवा.

अडकण्याचे प्रकार पाच-सहाच आहेत.

*ट्रिगर दाबला, "टक्" झालं, गोळी सुटली नाही.* नळी समोर धरून किमान 30 सेकंद थांबा. क्वचित एखादं काडतूस उशिरा पेटतं. मग मॅगझिन काढा, स्लाईड ओढून ते काडतूस बाहेर पाडा आणि त्याचं बूड बघा. मधल्या गोल टिकलीवर, प्रायमरवर, खोल खड्डा पडलाय का? पडला असेल तर काडतूस खराब. ते रेंजच्या निकामी काडतुसांच्या डब्यात टाका, घरी नेऊ नका. खड्डा नुसताच ओरखड्यासारखा असेल तर टोचा, म्हणजे प्रायमरवर आदळणारी खीळ, नीट बसला नाही. स्लाईड पूर्ण पुढे आली नव्हती, टोच्याच्या मार्गात तेल-काजळी साचली आहे, किंवा त्याची स्प्रिंग मेली आहे. काडतूसच बाहेर पडलं नाही तर चेंबर रिकामं होतं, बहुधा मॅगझिन पूर्ण बसलं नव्हतं. तळाला तळहाताने ठोकून बसवा, खट्ट असा आवाज आला पाहिजे.

लढाऊ प्रशिक्षणात "ठोका-ओढा-चालू ठेवा" शिकवतात, तिथे 30 सेकंद थांबत नाहीत. ते जिवावर बेतलेल्या प्रसंगासाठी. शनिवारच्या सरावाला ती घाई नको.

*आवाज नेहमीपेक्षा बारीक, झटका जवळजवळ नाही.* सगळं बंद करा. एकही गोळी झाडू नका, शेजारचा माणूस म्हणाला तरी. काडतुसात दारू नसेल किंवा अपुरी असेल तर गोळी नळीच्या मध्येच अडकून बसते. तिच्या मागून दुसरी आली तर नळी फुगते किंवा फुटते, आणि तुमची बोटं तिथेच असतात. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार दिसते का ते मागच्या बाजूने तपासायला रेंजच्या माणसाला द्या. अडकलेली गोळी घरी सळईने ठोकून काढण्याचा उद्योग करू नका.

*रिकामी पुंगळी स्लाईडच्या खिडकीत उभी अडकली.* छोट्या पिस्तुलांचा हा आवडता खेळ. निम्म्याहून अधिक वेळा कारण मनगट असतं. स्लाईडला मागे जायला चौकट जागेवर थांबलेली लागते. हात सैल असेल तर चौकटही तिच्याबरोबर मागे जाते, आणि स्लाईडचा प्रवास अर्धवट राहतो. ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर ओळखीच्या एक काकू नव्या पिस्तुलाला कंटाळून ते परत करायला निघाल्या होत्या, दर मॅगझिनला दोनदा पुंगळी अडकत होती. तिथल्या प्रशिक्षकाने पिस्तुलाला हातही लावला नाही. करंगळी मुठीखाली लोंबत होती ती मॅगझिनच्या लांब तळावर आणवली, डाव्या हाताची पकड घट्ट करायला लावली, कोपरं थोडी पुढे घ्यायला सांगितली. त्यानंतरचा अख्खा डबा बिनबोभाट संपला. लांब तळाचं मॅगझिन बऱ्याच पिस्तुलांबरोबर पेटीतच येतं, ते वापरा.

पकड नीट असूनही होत असेल तर दुसऱ्या कंपनीची काडतुसं वापरून बघा. तरीही होत असेल तर पुंगळी ओढून काढणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, त्याच्या नखाखाली काजळी साचली आहे का ते बघा.

*काडतुसाचं नाक चेंबरच्या उतारावर अडकलं.* यात आरोपी बहुतेकदा मॅगझिन. मॅगझिनांवर नेलपॉलिशने किंवा मार्करने आकडे घाला, आणि कुठल्या आकड्याला अडकतं ते लिहून ठेवा. एकाच मॅगझिनला होत असेल तर पिस्तूल निर्दोष आहे. सगळ्यांना आणि फक्त हॉलो पॉइंटलाच होत असेल तर त्या काडतुसाचा आकार तुमच्या पिस्तुलाला मानवत नाही. गोल नाकाची, पूर्ण तांब्याच्या आवरणाची काडतुसं बहुतेक पिस्तुलं बिनतक्रार घेतात. .380 ची (हे काडतुसाचं एक लहान माप) काही छोटी पिस्तुलं हॉलो पॉइंटच्या बाबतीत फारच चिकित्सक असतात.

*दोन काडतुसं एकाच वेळी घुसली.* पुंगळी चेंबरमध्ये राहिली आणि मागून दुसरं काडतूस आलं. नुसती स्लाईड ओढून हे सुटत नाही. स्लाईड मागे अडकवा, मॅगझिन खेचून काढा (जोर लागेल), स्लाईड तीन वेळा ओढा, चेंबर बघा, मग नवं मॅगझिन.

*शेवटच्या गोळीनंतर स्लाईड मागे थांबत नाही.* आधी बघा की तुमचं पिस्तूल तसं बनवलंय का. पहिल्या रुगर एलसीपीची स्लाईड रिकाम्या मॅगझिनवर आपोआप थांबतच नाही, तो बिघाड नाही. थांबायला हवी आणि थांबत नसेल तर बहुधा तुमचा अंगठा स्लाईडच्या खटक्यावर टेकतोय. छोट्या चौकटीवर मोठे अंगठे कुठे ठेवायचे हा प्रश्नच असतो.

प्रत्येक सरावाची वही ठेवा. तारीख, काडतुसाची कंपनी, मॅगझिनचा आकडा, काय अडकलं. चार ओळी पुरेत. दुरुस्तीला नेताना "कधीकधी अडकतं" या वाक्यापेक्षा ही वही कारागिराला शंभरपट उपयोगी. माझं मत विचाराल तर नवं पिस्तूल दीड-दोनशे साधी काडतुसं आणि जी रोज भरून बाळगणार त्यातली पन्नासेक, एकही न अडकता चालवल्याशिवाय कमरेला लावू नये. खर्चिक आहे, मान्य.

साफसफाई

प्रत्येक सरावानंतर, आणि रोज बाळगत असाल तर झाडलं नसलं तरी महिन्यातून एकदा.

सामान थोडंच लागतं: तुमच्या नळीच्या मापाचा तांब्याचा किंवा नायलॉनचा ब्रश, सळई किंवा नळीतून ओढायची दोरी, सुती चिंध्या, जुना दात घासायचा ब्रश, साफ करणारं द्रावण, बंदुकीचं तेल आणि चष्मा. चष्मा का, तर दाबलेली स्प्रिंग हातातून सुटली की सरळ तोंडाकडे येते. खिडकी उघडी ठेवा. टेबलावर जुनी चादर अंथरा आणि तिथे त्या दिवशी पोळ्या लाटू नका. बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये शिसं असतं, ती काजळी बोटांना लागते. नायट्राइलचे हातमोजे घाला, संपल्यावर साबणाने हात धुवा, आणि लहान मुलांना कडेवर घेण्याआधी कपडे बदला.

पिस्तूल रिकामं केलंत, आता सुटं करा. पुस्तिकेत दाखवलंय तेवढंच: स्लाईड, नळी, पुनरागमनाची (स्लाईड परत पुढे आणणारी) स्प्रिंग आणि चौकट, असे चार भाग. सुटं करण्याची रीत प्रत्येक पिस्तुलाची वेगळी. एलसीपीत एक बारीक खीळ काढावी लागते, ती हरवते, म्हणून शेजारी वाटी ठेवा. सुटं करताना स्प्रिंग कुठल्या तोंडाने होती त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा.

नळी नेहमी मागून पुढे साफ करा, म्हणजे चेंबरकडून तोंडाकडे. पुढून ब्रश घातला तर घाण चेंबरमध्ये जाते. द्रावणात भिजवलेली चिंधी एकदा फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, ब्रश दहाएक वेळा आरपार न्या, मग कोरड्या चिंध्या, पांढऱ्या बाहेर येईपर्यंत. शेवटची चिंधी जराशी करडी आली तर जीव टाकू नका. नळी आरशासारखी करायच्या नादात तिची कडा झिजवणारे लोक आहेत.

वेळ घालवायचा तो स्लाईडच्या पोटात. काडतुसाचं बूड जिथे टेकतं त्या सपाट भागावर काळं कडं जमतं, आणि त्याच्याच कडेला एक्स्ट्रॅक्टरचं नख असतं. या नखाखाली पितळेचे कण आणि काजळी यांचा घट्ट थर बसतो. लाकडी टूथपिकचं टोक घालून तो उकरा, सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर नको. मग चेंबरसमोरचा उतार, चौकटीवरच्या चार छोट्या पट्ट्या, आणि स्लाईडमधल्या खाचा.

टोच्याचं भोक खाली राहील असं धरून घासा, म्हणजे द्रावण टोच्याच्या मार्गात शिरणार नाही. तिथे तेल गेलं की काजळी चिकटते, आणि "टक्" होऊन गोळी न सुटण्याचं ते एक नेहमीचं कारण.

तेल

लोणच्यावर तवंग ठेवतो तसं तेल पिस्तुलावर ठेवायचं नसतं. चौकटीच्या प्रत्येक पट्टीवर एक थेंब, नळीच्या बाहेरच्या अंगावर जिथे घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात तिथे बोटाने हलकासा हात, पुस्तिका सांगत असेल तर ट्रिगरच्या दांड्याच्या टोकाला एक थेंब. बस. टोच्याच्या मार्गात नाही, मॅगझिनच्या आत नाही, चेंबरमध्ये नाही. जास्तीचं तेल खिशातला कचरा धरून ठेवतं, आणि प्रायमरपर्यंत पोचलं तर काडतूस निकामी करू शकतं. डब्ल्यूडी-40 घरात असतंच म्हणून ते फवारू नका. ते पाणी घालवायला ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही आणि वाळून चिकट होतं. बंदुकीचं कुठलंही बरं तेल चालेल. कुठलं सर्वात चांगलं यावर लोक तासन्‌तास भांडतात, तुम्ही पडू नका त्यात.

जोडल्यावर, काडतुसं अजूनही दुसऱ्याच खोलीत असताना, एक तपासणी. चेंबर पुन्हा बघा. स्लाईड चार-पाच वेळा ओढा, अडखळता कामा नये. नळी सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर दाबा आणि दाबलेलाच ठेवा. तसाच ठेवून स्लाईड ओढून सोडा. आता ट्रिगर हळूहळू सोडा, पुढे येताना खटका जाणवला पाहिजे. पुन्हा दाबा, "टक्" झालं पाहिजे. बाहेरचा सुरक्षा-खटका असेल तर तो लावून ट्रिगर दाबा, काहीही होता कामा नये. यातलं एकही चुकलं तर पिस्तूल बंद, सरळ कारागिराकडे.

मॅगझिन आणि काडतुसं

मॅगझिन हा झिजणारा भाग आहे, दागिना नाही. तळाची पट्टी काढून आतला कचरा महिन्याला झटका आणि कोरड्या ब्रशने पुसा. पट्टी काढताना अंगठा दाबून ठेवा, स्प्रिंग उसळते. मॅगझिनचे वरचे ओठ वाकले, चिरले किंवा पडल्यावर चपटे झाले तर ते मॅगझिन फेका. पक्कडीने सरळ करत बसू नका. पुनरागमनाची स्प्रिंगही ठरावीक गोळ्यांनंतर बदलायची असते. छोट्या पिस्तुलात मोठ्यापेक्षा लवकर. आकडा पुस्तिकेत मिळेल, आणि ती वही इथे पुन्हा कामाला येते.

काडतुसांबाबत एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. बरेच जण रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस परत चेंबरमध्ये घालतात. प्रत्येक वेळी त्याचं नाक उतारावर आपटतं, आणि गोळी पुंगळीत किंचित आत सरकते. आत जागा कमी झाली की दाब वाढतो. साध्या 9 मिलिमीटर काडतुसाची दाबमर्यादाच चौरस इंचाला 35,000 पाउंड आहे, .380 ची 21,500. त्यात तुमच्याकडून आणखी भर नको. पेटीतलं नवं काडतूस आणि हे जुनं शेजारी-शेजारी सपाट टेबलावर उभी करा. उंचीत डोळ्यांना फरक दिसला की जुनं बाद. आणि दिसेपर्यंत थांबण्यापेक्षा दर वेळी वेगळं काडतूस वर येईल असं फिरवत राहा.

पुस्तिकेत परवानगी नसेल तर जादा दाबाची "प्लस पी" काडतुसं घालू नका. कोणी घरी दारू भरून दिलेली तर मुळीच नाही, देणारा कितीही जिवलग असो.

घाम, खिसा, होल्स्टर

ह्यूस्टनच्या जुलैत कमरेला लावलेलं पिस्तूल संध्याकाळपर्यंत अक्षरशः भिजतं. पोलादावर तांबूस ठिपके आधी मागच्या दर्शकावर (नेम धरायच्या खाचेवर) आणि स्लाईडच्या शरीराकडच्या बाजूला येतात. घरी आल्यावर तेलाचं बोट लावलेल्या फडक्याने बाहेरून पुसा. रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं.

खिशात बाळगत असाल तर तो खिसा फक्त पिस्तुलाचा. किल्ली, पेन, सुटे पैसे, मुखवासाची पुडी, काही नाही. ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच. किल्ली ट्रिगरच्या कडीत शिरून गोळी सुटू शकते. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना घाई नको. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी मध्ये येते, म्हणून खाली बघा, मग घाला. आणि पिस्तूल हातातून निसटलं तर पडू द्या. झेलायला गेलात की बोट नेमकं ट्रिगरवर जातं.

कशाला हात लावू नये

ट्रिगर हलका करणं, स्प्रिंग कापणं, टोचा किंवा सीअर (ट्रिगर दाबेपर्यंत टोचा किंवा घोडा अडवून धरणारा भाग) घासून "गुळगुळीत" करणं: यूट्यूबवर सगळं सोपं दिसतं. छोट्या पिस्तुलात सुरक्षेच्या आतल्या कड्या एकमेकींवर अवलंबून असतात. एक हलली की पडल्यावर सुटणारं पिस्तूल तयार होतं. हे काम परवानाधारक कारागिराचं किंवा कंपनीचं.

कंपन्याही चुकतात. रुगरने ऑक्टोबर 2008 मध्ये सुरुवातीची एलसीपी परत मागवली होती, कारण चेंबर भरलेलं असताना पडली तर सुटण्याची शक्यता होती. स्मिथ अँड वेसनने 2020 मध्ये शील्ड ईझीची काही पिस्तुलं घोड्यातल्या दोषापायी मागवली. वापरलेलं पिस्तूल घेतलं असेल तर त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, दुरुस्ती फुकट होते.

ठेवणं आणि प्रवास

घरात मूल असेल, किंवा दिवाळीच्या जेवणाला येणार असेल, तर पिस्तूल एकतर अंगावर किंवा कुलूपबंद तिजोरीत. कपाटाच्या वरच्या फळीवर, उशीखाली, गाडीच्या कप्प्यात नाही. पेटीबरोबर आलेलं तारेचं कुलूप काहीच नसण्यापेक्षा बरं. बोटांनी कळा दाबून उघडणारी छोटी तिजोरी जास्त बरी, तिच्या बॅटऱ्या वर्षाला बदला.

विमानात पिस्तूल फक्त चेक-इन सामानात: रिकामं, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर आपणहून सांगून. 2023 मध्ये अमेरिकी विमानतळांच्या तपासणीत हातातल्या सामानातून 6,737 बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. जवळपास सगळ्यांनी सांगितलं की विसरलो.

भारतात जाताना तर पिस्तुलाचा विषयच नाही, पण काडतूस विसरतं. रेंजला नेलेली पाठीवरची बॅग मग मुंबईच्या प्रवासाला निघते, आणि अस्तराच्या शिवणीत एक काडतूस राहिलेलं असतं. भारतात विनापरवाना एक जिवंत काडतूस सापडलं तरी शस्त्र कायदा, 1959 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. मग पोलीस, कोर्ट, चुकलेली लग्नं आणि नोकरीच्या रजेचा गोंधळ. रेंजसाठी वेगळी, भडक रंगाची बॅग ठेवा आणि ती प्रवासाला कधीही नेऊ नका. नेणारी बॅग निघण्याआधी उलटी करून झटका, प्रत्येक कप्प्यात हात घाला, तळाच्या पुठ्ठ्याखालीसुद्धा.